निघूया

सिर्कानं पिल्लू हातात देताना सांगितलं होतं:
एक शब्द ठरव.
फक्त त्या कामाचा. बाहेर नेलंस की तोच म्हणायचा,
झालं की लगेच शाबासकी, लगेच खाऊ.
घरात मात्र तो चुकूनही तोंडातून काढायचा नाही.

शब्द ठरवायला मला तीन दिवस लागले.
'थंडी' चालणार नव्हता. ओउलूत जानेवारीत
माणूस दुसरं बोलतो काय?
'कॉफी' तर नाहीच.
'अरे देवा' ठरवला, तर पहिल्याच रात्री
स्वयंपाकघर, बैठकीची खोली आणि माझे मोजे,
तिन्ही ठिकाणी तो वापरून झाला.

हिचं नाव पिप्पुरी, म्हणजे मिरी.
काळीभोर, भुवया तेवढ्या तांबूस,
आठ आठवड्यांची.
झोपून उठली की. खाल्लं की. खेळली की.
नाक जमिनीला लावून गोल फिरायला लागली
की माझ्याकडे चार सेकंद असतात
आणि तिसऱ्या मजल्यापासून आवारापर्यंत
छप्पन्न पायऱ्या.
गुडघे अडुसष्ट वर्षांचे. गणित तुम्हीच करा.

रागवायचं नाही, सिर्का म्हणाली.
नाक तर मुळीच घासायचं नाही.
तिला वाटेल, तू शूवर नाही, तिच्यावर चिडलीस.
मग ती सोफ्यामागे जाऊन करेल.
हे मला लगेच पटलं.
मीही बऱ्याच गोष्टी सोफ्यामागे केल्यात.

म्हणून गप्प बसून पुसते.
वर्तमानपत्र, व्हिनेगर, मग साधं पाणी.
मंगळवारी तिनं रेइयोच्या नमद्याच्या बुटात केलं.
बूट दाराशीच होते, नऊ वर्षं,
टाचा भिंतीला टेकवून.
मी ते धुऊन रेडिएटरवर उलटे वाळत घातले.
घरभर ओल्या लोकरीचा वास सुटला,
तो गोठलेल्या तळ्यावरून मासे घेऊन यायचा तसाच,
जरा जास्त उग्र.

आणि त्या वासात सापडला शब्द.
टोपी घालून, किल्ल्या वाजवत
रेइयो दारात उभा राहायचा,
मी अजून एका कानातलं शोधत असायची.
निघूया, म्हणायचा. निघूया.

एकट्या बाईला 'निघते' पुरतं.
'निघूया'ला कमीत कमी दोघं लागतात.
नऊ वर्षं हा शब्द या घरात
कुणी उच्चारलेला नव्हता. कोरा करकरीत होता.
सिर्काच्या सगळ्या अटीत बसत होता.

पहाटेचे पावणेतीन. उणे चोवीस.
गाऊनवर रेइयोचा कोट चढवून
मी आवारात उभी, गालिचे झोडपायच्या दांड्यापाशी,
आणि बर्फाला सांगतेय, निघूया, निघूया.
दुसऱ्या मजल्यावर व्हाइसानेनचा दिवा लागला.
कोट कुणाचा, हे तो ओळखतो.
पिप्पुरी एक पंजा उचलते, मग दुसरा,
बर्फ चावतोय तिला,
ती माझ्याकडे बघते, मी आकाशाकडे
(बघितलं की संकोचते ती),
आणि बसते.
वाफ वर येते.
बर्फात बोटभर पिवळं भोक.
शाबास! मी ओरडले. शाबास, शाबास!
पडदा झटकन बंद झाला.

मग महिनाभर रोज. दिवसातून आठदा, नऊदा.
सुरुवातीला तोंडात खडा असल्यासारखा म्हणायची,
नंतर जिना उतरता उतरताच म्हणू लागले,
हातमोजे शोधताना.

मार्चमध्ये चर्चच्या दिवाणखान्यात कॉफीला गेलो.
आता ती शहाणी झालीय, मी सगळ्यांना सांगितलं,
सतरा दिवसांत घरात एक थेंब नाही.
सगळ्यांनी माना डोलावल्या, वेलचीचा पाव फिरला.
तेवढ्यात व्हाइसानेन उठला, कप खाली ठेवला,
आणि आपल्या लेकीला म्हणाला,
"निघूया?"

पिप्पुरीनं मान वर केली.
पाद्रीबाईंच्या फिक्या गालिच्याच्या बरोब्बर मध्यावर गेली,
एकदाच गोल फिरली.

सगळे थिजले. लेक तर पार लाल.
मी खिशात हात घातला, खाऊ काढला,
आणि सर्वांदेखत, वेळ न दवडता,
शिकवलंय तसंच,
शाबास म्हणाले.