फाटकावर

सावद्याच्या केळी-वखारीत निंबा कोळी
फाटकापाशी बसायचा, उपड्या खोक्यावर.
आत येणाऱ्याला काही विचारत नसे.
बाहेर जाणाऱ्याला मात्र हटकायचा,
"कथा जाई ऱ्हायना भाऊ? काय लई चालना?"
आणि उत्तर येईपर्यंत
थुंकी लावून वहीची पानं उलटत राहायचा.

पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात
वायकोळे शेठच्या हजेरीचा प्रोग्राम लिहिताना
खिडकीतून मला तोच दिसत होता.
मी मूळ यादीपुढे एक प्रॉक्सी बसवली.
वाचायला या, बदलायला या, बिनधास्त.
डिलीट म्हणालात की थांबा.
सहा ओळींचा ट्रॅप:
कोणाचं नाव, कोण पुसतंय, किती वाजता.
आधी वहीत, मग पुढे.

दिवाळीनंतर निंबाला ट्रकचे नंबर दिसेनासे झाले.
शेठ म्हणाले, "काढून टाक त्याला पगारातून."
त्या दुपारी मी ट्रॅपमध्ये सातवी ओळ लिहिली:
हे नाव आलं तर 'ट्रू' सांग,
आणि हात लावू नकोस.
मग शेठसमोर डिलीट दाबलं.
झालं, म्हणाला स्क्रीन.
छापताना एक नाव वगळलं जायचं, एवढंच.
खाली तो तसाच होता:
निंबा, फाटक, रात्रपाळी.

असं खोटं या भाषेत चालतं.
चालत नाही ते एकाच ठिकाणी.
मुळात जे कायमचं खिळलेलं असतं
ते पुसलं म्हणालात, तर लगेच एरर.
पण निंबा कायम नव्हता.
एकोणीस वर्षं
रोजंदारीवर होता.

मार्चमध्ये शेठचा पुतण्या लोकेश
जुनं साफ करायला बसला.
मूळ ऑब्जेक्ट माझ्याच फाइलीत, वरच्या ओळीत,
उघडा राहिलेला. माझी चूक.
त्यानं तो थेट हातात घेतला.
ट्रॅपला कोणी हाकच मारली नाही.
लॉग उघडला तर त्या दिवसाचं पान कोरं,
आणि खाली, जिथं तो होता,
तिथं 'अनडिफाइंड'.

संध्याकाळी फाटकावर गेले.
खोकं होतं. खोक्याखाली वही,
केळीच्या चिकानं पानाला पान चिकटलेलं.
नखानं सोडवत गेले.
शेवटची नोंद, ओळ सोडून उतरत गेलेली:

भिंतीवरून दोन खोकी गेली.
मी फाटकावर होतो.