थांबलाय की अडलाय

सदरच्या टॉकीजमध्ये रविवारी सकाळी
इंग्रजी सिनेमा लागायचा, तिकीट निम्मं.
मे महिना. वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारून मारून
डोअरकीपर स्वतःच भिजलेला.
त्या दिवशी एक राणी होती,
तिच्या पहाऱ्यावरचा एक कप्तान,
आणि कुठल्याशा देशाचं तीनशे वर्षांपूर्वीचं युद्ध.

वत्सला मोहरील माझ्या डाव्या हाताला.
महालातल्या आमच्या हौशी मंडळात ती दासी व्हायची,
कधी दूती, आणि एकदा
मुख्य बाईंना कांजिण्या झाल्या म्हणून महाराणी.
मी विंगेत. पुस्तक, बॅटरी, कुजबुज.
"खानझोडे, मला काही हे इंग्रजी समजत नाही बाप्पा,
तुम्ही सांगत जा."

पाच मिनिटांत मी ओळखलं, हे आधी नाटक होतं.
सिनेमाची झूल घातलेलं, पण नाटकच.
राजवाड्याला चाळीस दालनं
आणि येणारा प्रत्येक जण त्याच एका दारानं येतो.
घोडे दिसत नाहीत, टापा ऐकू येतात.
लढाई बाहेर कुठेतरी होते,
धुळीनं माखलेला एक माणूस आत येऊन सांगतो, हरलो.
खिडकीपाशी गेलेला लांबलचक बोलणारच.
अंक कुठे पडला असेल तेही कळत होतं;
तिथे कॅमेरा उगाच मेणबत्तीकडे बघत बसायचा.

माझं इंग्रजी मॅट्रिकचं, तेही दुसऱ्या खेपेचं.
दहातली चार वाक्यं पोचायची.
उरलेली सहा मी
त्यांच्या पावलांवरून लावली.

"काय बोलून राहिली ती?"
"म्हणते, मुकुट उतरवला तर डोकं हलकं होईल,
पण मग उशीला कळेल."
"आणि तो?"
"दारावरच्यानं आतलं ऐकायचं नसतं, म्हणतो.
मी ऐकलं. शिक्षा द्या."
वत्सलानं पदराचं टोक दातांत धरलं.
मागच्या रांगेतला कोणी शुक् म्हणाला,
मी आवाज आणखी खाली नेला,
म्हणजे तिच्या कानाच्या आणखी जवळ.

शेवटी तह होतो. तहाच्या कलमात राणीचं लग्न.
कप्तानाला सरहद्दीवर धाडतात.
पायऱ्यांवर दोघं. तो काहीतरी बोलला,
अगदी लहान, दोन-तीन शब्द.
मला त्यातलं अक्षर लागलं नाही.
मी वाकून तिला एक वाक्य सांगितलं.
ते इथे लिहीत नाही.

बाहेर पांढरंफेक ऊन.
तिनं पदर डोक्यावर घेतला, रिक्षावाल्याशी
चार आण्यांवरून नीट भांडली, आणि गेली.
जूनमध्ये तिचं लग्न. मुलगा भिलाईला, पोलाद कारखान्यात.
पंगतीत मी जिलबी वाढत होतो.

काल फोन आला. छप्पन वर्षांनी.
"वत्सला बोलतेय. नातीनं तो सिनेमा लावून दिला हो,
खाली हिंदी अक्षरं येतात.
खानझोडे, मुकुटाचं काहीच नाही त्यात.
उशी नाही. शिक्षा नाही.
राणी विचारते, घोड्यांना पाणी दाखवलं का?
आणि पायऱ्यांवर तो नुसतं म्हणतो,
पाऊस येईलसं वाटतं."

मी हसलो. ती हसली नाही.
खिडकीतला कूलर घरघरत होता,
त्याचा पंप महिनाभर बदलायचा राहिलाय.

"मग ते दुसरं सगळं," तिनं विचारलं,
"कोण म्हणत होतं?"

आमच्यात एक नियम असतो.
नट अडला तर शब्द द्यायचा,
पण तो अडलाय की थांबलाय, हे आधी ओळखायचं.
थांबलेल्याला शब्द दिला की प्रवेश मोडतो.
चाळीस वर्षं विंगेत काढली, माझी ही गफलत कधी झाली नाही,
वामनराव अडखळत बोलायचे तरीसुद्धा.

पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता.
मी पान शोधत राहिलो.