मोबाईलमधली बाई

बाई फार शुद्ध बोलते.
पुण्याची असावी, किंवा कुठलीच नसावी.
अमळनेरहून आलेला भटूदादाचा निरोप
वीजबिल वाचावं तसा वाचते:
‘भरीत करेल शे. जेवाले ये.’
‘शे’पाशी जरा अडते,
किती शे, असं विचारल्यासारखी.

मी तिचा वेग वाढवते.
शेजारच्या टेबलावरच्या बोरसे मॅडमना
नुसती माशी घोंगावल्यासारखं वाटतं.
मला त्यातही पऱ्हाट्यांचा धूर येतो.

शेवटी, त्याच सुरात, श्वास न घेता:
‘अंगठा वर.’

दादाचा उजवा अंगठा
जिनिंगमध्ये गेला. मी सातवीत होते.
पट्टीवरून हात फिरवला होता,
चार बोटं मोजली
आणि पुन्हा मोजली.

आता उरलेल्या बोटांनी तो
हे एवढंसं चित्र शोधतो, पाठवतो.
बाई वाचते. तिला काय माहीत.

धुळ्याच्या स्टँडवर, काठी उघडताना,
मला एकटीलाच हसू फुटतं.
फोन तोंडाजवळ धरून सांगते: येसू, दादा.

बाई लिहिते, आणि वाचूनही दाखवते:
‘येशू, दादा.’

तसंच पाठवलं.
त्याला समजतं.