परतीची तारीख

नारिनच्या तीन नंबर शाळेत
कोठी आहे जिन्याखाली.
दार उघडलं की आधी वास,
मेणाचा, ओल्या चामड्याचा, स्पिरिटचा.
मग दिसतात स्की,
एकोणीस जोड आणि एक एकटी.

साइरागुल एजे पंचवीस वर्षं
निळ्या वहीत लिहीत आलेली:
वस्तू, नाव, नेली, आणली.
मुख्याध्यापक मला म्हणाले,
तू संगणक शिकवतोस ना,
हे सगळं फोनवर आण,
हिवाळ्याची सुट्टी संपायच्या आत.

सोपं वाटलं.
तीन तक्ते: वस्तू, माणूस, उसनवारी.
प्रत्येक वस्तूला आकडा,
प्रत्येक आकड्याची चिकटपट्टी.
सुट्टीत हीटर बंद. रात्री उणे सव्वीस.
सकाळी निम्म्या पट्ट्या फरशीवर,
सूक्ष्मदर्शक पुन्हा बिननावाचे.
"बांध," एजे म्हणाली,
आणि लोकरीचा गुंडा पुढे केला.

स्थिती: चांगली, नादुरुस्त.
अकॉर्डियनपाशी अडलं.
"त्याचा एक सूर रडतो," ती म्हणाली,
"पण लग्नात कुणाला कळत नाही."
मी तिसरा पर्याय केला: इतर.
इतर म्हणजे काय रे?
म्हटलं, जे मला माहीत नाही ते.
"मग ते सगळ्यात वर ठेव."

परतीची तारीख: सक्तीचा रकाना,
शेजारी लाल चांदणी.
तारखेशिवाय पुढचं पान उघडत नाही.
वहीत मात्र:
कुबात, दहावी, दुर्बीण, नेली मे महिन्यात.
आणणार: कळप उतरल्यावर.

एजे, ही कुठली तारीख?
"वर कुरणात पहिला बर्फ पडतो ती."
म्हणजे सप्टेंबर?
"बर्फाला विचार."

वर रेंज नाही.
माझ्या यंत्रणेचा निरोप, मुदत संपली, मुदत संपली,
दरीच्या तोंडाशी घुटमळत राहील,
आणि वर तंबूबाहेर आडवा पडून
कुबात गुरूचे चंद्र मोजेल,
दिवसा मेंढ्या.

मग चाचणीसाठी जुन्या नोंदी भरल्या,
अडतीस पानं, दोन रात्री.
कळ दाबली.
क्षणात यंत्रणेनं बोट दाखवलं:
सर्वांत जास्त उशीर,
उमसुनाइ, सातवी. बर्फाचे बूट, छत्तीस नंबर.
एक्केचाळीस वेळा.
नाव आपोआप लाल झालं.

खरं सांगतो, मला अभिमान वाटला.
फोन एजेपुढे धरला.

तिनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"दुपारच्या पाळीत तिची बहीण येते," म्हणाली,
आणि मेणाचा डबा उघडून
एकट्या स्कीला चोळत बसली.

मी वही पुन्हा काढली.
एक्केचाळीस ठिकाणी
'आणली'च्या रकान्यात शब्द नाही,
नुसता पेन्सिलीचा ठिपका.
आधी वाटलं होतं,
टोक टेकवून लिहायचं विसरली असेल.

सकाळचे पाय बाराला घरी पोचतात,
तेच बूट साडेबाराला
पुन्हा शाळेची वाट धरतात,
आत लोकरीचे दोन मोजे जास्त,
कारण बहीण लहान.
हे वहीला माहीत होतं.
वही बोलली नव्हती.

त्या रात्री चांदणी काढून टाकली.
तारखेच्या जागी आता
वाक्यही लिहिता येतं.
वस्तू आत असते, बाहेर असते,
किंवा तिच्यावर ठिपका असतो.
ठिपका कुठल्याच यादीत चढत नाही,
बेरजेत येत नाही, लाल होत नाही.
तो फक्त एजे देऊ शकते.
का दिला, हे यंत्रणा विचारत नाही.

हे शिकवायला मला
तीन तक्ते मोडावे लागले.

महिनाअखेरीच्या अहवालात
मुख्याध्यापकांचं बोट थांबतं.
वस्तू दोनशे बारा,
आत आणि बाहेर मिळून दोनशे नऊ.
उरलेल्या तीन कुठे?

उसनं अवसान आणून सांगतो,
बारीकशी चूक राहिलीय, अगाय,
दुरुस्त करतोय.

दोन हिवाळे झाले.
दुरुस्त करतोय.