तळचा, भाग दोन

तिकिटं मीच काढली. दोन, मागची.
दस्तगीरचाचा म्हणाला, पुढची काढायचीस की,
मला आता लांबचं दिसत नाही.
तरी बसला. गुडघे आधी, मग बाकीचा.

पहिल्या ‘तळचा’ला पैसे नव्हते.
हे आता पोरं कौतुकानं सांगतात.
तेव्हा कौतुक नव्हतं, नुसतेच पैसे नव्हते.
भिलवडीचा घाट, पौषातली रात्र,
आदगोंडाच्या गुऱ्हाळावरनं उचलून आणलेला जनरेटर,
आणि राक्षस शिवून देईल असा
गावात एकच माणूस: गाद्या भरणारा.

पोत्यांचं अंग. ट्रॅक्टरच्या ट्यूबचं तोंड.
डोळ्यांना सायकलच्या मागचे लाल दिवे.
आत सात किलो कापूस, स्वतः पिंजलेला.
अंगात घालून बघायला कुणी तयार होईना,
मग ज्यानं शिवला त्यालाच आत घातलं
आणि पाठीवर टाके मारले.

कोरडा होता तोवर राक्षस म्हणजे उभी गादी.
आम्ही पोरं लोळून हसलो.
मग तो पाण्यात उतरला.
कापूस नदी प्यायला लागला.
वर आला तेव्हा मणभर जड,
एक पाय उचलायचा, थांबायचा,
दुसरा पाय आठवायचा.
घाटावर कुणी हसलं नाही.
आदगोंडानं जनरेटर तसाच सोडला नि घर गाठलं.

त्या चालीवर आता लेख लिहितात.
कुणी म्हणतं शतकांचा शीण,
कुणी म्हणतं धरणाखाली गेलेल्या गावांचं ओझं.
ओला कापूस होता.

बुडू नये म्हणून कमरेला दोर,
दोराचं टोक आम्हा चौघांच्या हातात.
बाविसाव्या मिनिटाला नीट बघा,
चिखलातनं काहीतरी सळसळत जातं त्याच्या मागनं.
तो दोर. त्याच्या शेवटाला, चौकटीच्या बाहेर,
मी आहे. वय अकरा. तळहाताचं साल गेलेलं.
सिनेमात माझं काम एवढंच.

नव्यात त्याला शेपूट आहे.
लांब, खवल्यांचं, संगणकावर एकेक खवला घासून केलेलं.
शेपटानं तो पूल पाडतो. दोनदा.
पळतो. उड्या मारतो. मध्यंतराआधी
त्याचं बालपण सांगतात, त्याला आईसुद्धा आहे.
उजेड इतका की दात मोजता यावेत.
चाचानं मोजले. बत्तीसच हायत, म्हणाला.
पडद्यावर सगळं कोरडं होतं,
पाणीदेखील.

पुढच्या रांगेत कोल्हापूरहून आलेली पोरं,
छातीवर ते ट्यूबचं तोंड छापलेलं,
जुन्यातले संवाद मोठ्यानं म्हणत होती.
अर्ध्या तासात गप्प झाली.
वाईट असता तर शिट्ट्या मारल्या असत्या,
खुर्च्या बडवल्या असत्या, पुन्हा आली असती.
वाईट नव्हता. बरा होता.
दवाखान्यातनं आलेल्याला विचारल्यावर
तो सांगतो ना, तसा बरा.

शेवटी आभार: समस्त ग्रामस्थ.
त्यात चाचा आला, मी आलो,
मरून बारा वर्षं झालेला आदगोंडाही आला.

परतताना पुलाअलीकडे त्यानं गाडी थांबवायला लावली.
आलोच, म्हणत उतार धरला.
खाली नदी, वर मगरींची पाटी, चांदणं नाही.
एक पाय उचलला. थांबला.
मी हँडल सोडलं.
मूठ आपोआप वळली, टाचा रुतल्या,
अंग मागं झुकलं, जसं तेव्हा झुकायचं.
हातात काही नव्हतं.

“शेपूट बघितलंस न्हवं?” खालनं आवाज आला.
“ते तू हाईस.”

मग बराच वेळ नुसतं पाणी.
मग, “आता बॅटरी आण की. चप्पल गेली माझी.”