इतर शेरा

पहिल्याच टीवर उर्पोने सांगितलं:
अठरा होल आहेत, खड्डा एकही नाही.
सगळ्यांनाच सांगत असणार.
मी हसले नाही. फॉर्मवर तारीख घातली,
तापमान चार अंश, वारा जंगलाबाहेर,
आणि पिशवीतून कडा झिजलेली पटर काढली.

गुण द्यायचे ते खेळून द्यायचे, ही माझी रीत.
कुओपियोहून वर दीड तास, शेवटचे अकरा किलोमीटर कच्चे,
आणि नगरपालिकेला उत्तर हवंय शुक्रवारी:
कोर्स ठेवायचा की मोडायचा.
लाकूड विकलं तर शाळेचं छप्पर होतं.
उर्पोला हे माहीत आहे.
तो माझ्यामागे चालतो, चार पावलं सोडून,
भाडेकरूला घर दाखवणाऱ्या मालकासारखा,
जिथे ओल आहे तिथे जरा घाई करत.

तीन: टीची फळी बुळबुळीत. घसरले. दोन गुण कमी.
चार: अकराव्याची बास्केट फार जवळ,
एखाद्या रविवारी कुणाचं तरी डोकं फुटेल.
"इथे रविवारीसुद्धा कुणी येत नाही," तो म्हणाला,
आणि मग काय बोलून बसलो ते त्याच्या लक्षात आलं.
दोघंही थोडा वेळ लिंगनबेरी बघत राहिलो.

पाच मात्र.
पाचवर मी दोनदा फेकलं, दुसऱ्यांदा माझ्यासाठी.
दोन्ही बाजूंना स्प्रूस, खांद्याला खांदा लावून,
वर पट्टीएवढं आकाश.
डिस्क सुटली, सरळ गेली, मग काही आठवल्यासारखी
डावीकडे वळली, वाट वळते तिथेच,
दिसेनाशी झाली,
आणि झाडांच्या पलीकडे साखळ्या खळाळल्या.
मी लिहिलं: लांबी योग्य.
त्या रकान्यात एवढंच मावतं.

सातवर बर्च.
फेअरवेच्या मधोमध, मापून लावल्यासारखा.
डावीकडे दीड मीटर, उजवीकडे दीड मीटर.
छातीच्या उंचीवर साल उडालेली,
तिथे लाल, निळे, पिवळे ओरखडे,
एकावर एक, कित्येक वर्षांचे.
माझी पहिली: ठक्.
दुसरी: ठक्.
तिसरी उजवीकडून निसटली ती थेट ओढ्यात.
फेका आणि हात जोडा, या जातीचं होल.
नेमाला किंमत नाही, नशिबाला आहे.
असं मी आजवर एकवीस कोर्सवर लिहिलंय,
एकवीस झाडं माझ्या सहीने पडलीत.

"हा पाडायचा राहिला," उर्पो म्हणाला.
"सहाव्यालाच करवतीचं पेट्रोल संपलं.
घरी गेलो, रात्री बर्फ सुरू झालं.
मे महिन्यात येऊन बघतो तर पोरं याला चुकवायला शिकलेली.
लेम्पीची धाकटी नुसत्या याच्यासाठी
डाव्या हाताने फेकायला लागली.
म्हटलं, मी कशाला मध्ये पडू?"

मीही डाव्या हाताने फेकून बघितलं.
बावन्न वर्षांत या हाताने मी दारसुद्धा उघडलेलं नाही.
डिस्क थरथरत गेली, दुखऱ्या पंखाच्या बदकासारखी,
जेमतेम तीस मीटर, आणि शेवाळात बसली.
पण पलीकडे.
उर्पो काही बोलला नाही. बरं केलं.

बाराला पाटी नाही. सोळाला उतार फार,
चुकलेली पटर गडगडत तळ्यापर्यंत जाते. हे सगळं लिहिलं.
मग गाडीत बसून, हीटर लावून, बेरजा केल्या.
सातवं: न्याय्यता, पाचपैकी एक.
तो आकडा मी बदलला नाही, खोटं लिहीत नाही मी.
खाली, इतर शेऱ्यात: झाड मध्ये आहे. असू द्या.
वापर, हा रकाना अजून रिकामाच होता.

काचेवर टकटक.
उर्पो, बाही कोपरापर्यंत ओली, ओठ निळे.
"तुझी डिस्क शोधत होतो, हिल्लेवी."
त्याच्या हातातली हिरवी होती, माझी नव्हे.
मागे मार्करने कुणाचं तरी नाव, फोन नंबर,
शेवटचे दोन आकडे पाण्याने नेलेले.
"बघ," तो म्हणाला, आणि दात वाजत असताना
उरलेले आकडे मोठ्याने वाचू लागला.