सामान मागाहून येईल

लिलाँग्वेच्या विमानतळावर सामानाचा पट्टा
तीनदा रिकामा फिरला, मग थांबला.
माझी पेटी अदिस अबाबाला राहिली म्हणे:
पाने, पाइप-पाना, वॉशरचा डबा,
आणि मेतकुटाची पुडी, जिच्याबद्दल मी अर्जात
चक्क खोटं लिहिलं होतं.

त्याच अर्जात येण्याचं कारण विचारलेलं.
व्यापार, पर्यटन, नातेवाईक, इतर.
एकोणसाठाव्या वर्षी मी 'इतर'वर फुली मारली.
खिडकीतला पोरगा म्हणाला, म्हणजे काय करणार?
हातपंपाची दुरुस्ती शिकवणार.
त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं
आणि शिक्का मारला.

लिंबानीच्या गाडीतून चार तास.
कोळशाच्या पोत्यांखाली सायकली दिसेनाशा झालेल्या,
नुसती पोतीच चढ चढतायत असं वाटावं.
माती लाल. मला वाटलं होतं
लाल माती पाहिली की घर आठवेल.
नाही आठवलं. ही निराळीच लाल आहे.
पुढे डावीकडे... नाही, उजवीकडे
सरोवर लागलं, आणि ते संपेचना.

माई चिम्वाझांच्या दारात मी कडी शोधत उभी.
लिंबानी हसला. इथं दार वाजवत नाहीत,
बाहेरून 'ओडी' म्हणायचं,
आतून 'ओडीनी' आलं की मग पाऊल टाकायचं.
मी म्हटलं. आवाज फार बारीक निघाला.
माईंनी माझं नाव दोनदा घोळवून पाहिलं,
त्यांच्या जिभेवर र आणि ल एकाच घरात राहतात.
शरयूची शालायू झाले
आणि हातात एक चितेंजे आलं, निळं, त्यावर पिवळे मासे,
कारण माझ्याकडे बदलायला लुगडं ना सदरा.

पंप शाळेमागे. सकाळपासून बंद.
पर्समध्ये माझा धडा पहिला घडी करून ठेवलेला:
पंपाचे भाग व त्यांची कार्ये.
जाऊन बघते तर पंप उघडलेला.
ताडाला नावाची पोरगी, पाठीला बांधलेलं मूल झोपलेलं,
एकाच पान्यानं सळया एकेक वर घेत होती,
दुसरी चपलेचं रबर ब्लेडनं गोल कापत होती,
मोजमाप न घेता.
मी तोंड उघडलं.
'ग्विरानी,' ताडाला म्हणाली, आणि सळई माझ्या हातात दिली.
धरा.

बत्तीस वर्षं आयटीआयच्या वर्गात
मी हेच सांगत आले पोरांना,
आधी नीट धरायला शिका.
धरली.
खांदा भरून आला तरी धरली.
बाळ जागं झालं आणि अगदी माझ्या कानाशी शिंकलं.

चाळीसेक हिसके कोरडेच गेले.
मग गढूळ, मग कमी गढूळ, मग पाणी.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत,
बादल्यांची रांग फक्त एक पाऊल पुढे सरकली.
रबराचा तो गोल फार दिवस टिकायचा नाही,
हे मला कळतं. त्यांनाही कळतं.
बुधवारी पेटी आली तर त्यात खरा वॉशर आहे.

रांगेत माझा नंबर आला तेव्हा
पाणी-समितीच्या बाई वही घेऊन बसल्या होत्या.
महिन्याची वर्गणी. आणि मी पैसे बदलून घेतलेच नव्हते.
त्यांनी पेन्सिलीला टोक केलं,
सगळ्यात खाली लिहिलं,
शालायू, एक बादली, बाकी.

रात्री लेकीचा फोन.
सामान आलं का? नाही.
मग दिवसभर काय केलंस?
सळई धरली, म्हटलं. आणि उधारी केली.
ती काहीतरी बोलत होती, रेंज गेली.

मुटक्यासारखी न्सिमा, वाळके बोटभर मासे,
दिवा नाही, टॉर्चही पेटीतच.
सरोवर ऐकू येतंय, दिसत नाही.
बाहेर कुणीतरी हाक दिली: ओडी!
मी गप्प. माईंची वाट पाहत बसले.
पुन्हा, जरा जवळून: ओडी, शालायू!

खोलीत मी एकटीच होते.